हेअर ड्रायर, अल्कोहोल आणि शंभर किलोमीटर: कोपनहेगनची हौशी रॉकेट मंडळी

दुर्बिणवाला

५ सप्टेंबर २०१०. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाजवळ, बाल्टिक समुद्रात एका तरंगत्या फलाटावर नऊ मीटरहून उंच रॉकेट उभं. आत माणसाऐवजी पुतळा. उलटी गणती शून्यावर आली आणि काहीच झालं नाही. द्रव ऑक्सिजनची झडप गोठून जाम झाली होती. ती गोठू नये म्हणून मंडळींनी तिथे चक्क केस वाळवायचा हेअर ड्रायर बसवला होता. ऐन वेळी ड्रायरला वीज पुरली नाही. झालं, सगळा ताफा बंदरात परत.

ही मंडळी म्हणजे कोपनहेगन सबऑर्बिटल्स. क्रिस्तियान फोन बेंगत्सन हा आर्किटेक्ट आणि पेटर मॅडसन हा घरच्या घरी पाणबुड्या बांधणारा गडी, या दोघांनी २००८ साली सुरू केलेला उद्योग. पगार कुणाला नाही, सरकारी अनुदान नाही. लोकवर्गणी, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी नि शनिवार-रविवारी येणारे स्वयंसेवक. उद्दिष्ट एवढंच की स्वतः बांधलेल्या रॉकेटमधून एका माणसाला शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे अंतराळाच्या मानलेल्या सीमेपलीकडे न्यायचं आणि जिवंत खाली आणायचं.

ड्रायरच्या किश्शावर लोक हसतात, पण पुढच्या वर्षी, ३ जून २०११ ला तेच रॉकेट उडालं. हीट-१एक्स त्याचं नाव. एकवीस सेकंदांनी त्यांनी स्वतःच इंजिन बंद केलं, कारण ते सरळ वर जायचं सोडून कलायला लागलं होतं. उंची २.८ किलोमीटर. कुपीची, म्हणजे माणूस बसायच्या कप्प्याची, पॅराशूटं टिकली नाहीत, कुपी पाण्यावर आपटून चेपली. २०१२ मध्ये संकटकाळी कुपी रॉकेटपासून ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी केली, तीही फसली: कुपी हवेत गडगडली आणि पॅराशूटं नीट उघडली नाहीत. २०१३ च्या सफायरने मात्र कमाल केली. ज्वाळेत बसवलेल्या पात्यांनी स्वतःची दिशा सांभाळत ते आठ किलोमीटरच्या वर गेलं. हौशी लोकांकडून असं काम दुर्मिळच.

मग आला ऑगस्ट २०१४. हीट-२एक्स या मोठ्या रॉकेटची जमिनीवर बांधून चाचणी घेताना आग लागली आणि रॉकेट जळालं. त्याच वर्षी दोन्ही संस्थापक एकामागून एक बाहेर पडले होते. इथे कुठलीही हौशी संस्था बंद पडली असती. राहिलेल्या लोकांनी वेगळंच केलं, त्यांनी रॉकेट लहान केलं. नेक्सो-१ आणि नेक्सो-२ ही छोटी रॉकेटं केवळ शिकण्यासाठी बांधली. नेक्सो-१ जुलै २०१६ मध्ये जेमतेम दीड किलोमीटर गेलं आणि पॅराशूटविना समुद्रात पडलं. नेक्सो-२ ऑगस्ट २०१८ मध्ये साडेसहा किलोमीटर जाऊन पॅराशूटने अलगद उतरलं.

पुढचं स्पिका. तेरा मीटर उंच, सुमारे चार टन वजन, १०० किलोन्यूटन रेट्याचं इंजिन, आत एक माणूस. ते अजून उडालेलं नाही.

साध्या सामानातून रॉकेट बनतं यात मला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते या लोकांच्या सबुरीचं. २०११ ला पुतळा बसवून उडवणारी संस्था २०१८ ला पुतळाही न बसवता उडवते, आणि याला ते प्रगती म्हणतात. मलाही ती प्रगतीच वाटते. तुम्हाला?

पुणेरी_पाटी

२००८ पासून आजवर अंतराळात गेलेली माणसं: शून्य. वर्गणी मात्र दर महिन्याला. आमच्याकडे याला भिशी म्हणतात, फक्त त्यात निदान कुणाचा तरी नंबर लागतो.

ठाणे_लोकल

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). मस्त लेख. एक बाळबोध प्रश्न: शंभर किलोमीटर म्हणजे ठाण्याहून लोणावळ्यापेक्षा थोडंच लांब. एलॉन मस्कचं रॉकेट केवढं अजस्र असतं. यांना चार टनात कसं जमणार?

मोजपट्टी

बाळबोध नाही, याच प्रश्नात सगळं आहे. वर जाणं आणि कक्षेत राहणं या दोन फार वेगळ्या गोष्टी.

शंभर किमी उंच चेंडू फेकायचा तर, हवेचा अडथळा सोडून, सेकंदाला साधारण १.४ किमी वेग लागतो. तो वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो. कक्षेत फिरायचं असेल तर आडवा वेग सेकंदाला ७.८ किमीच्या आसपास हवा. वेग साडेपाच पट, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत जाते, म्हणजे दर किलो वजनामागे तीसेक पट. इंधनाचं गणित त्याहून वाईट, कारण जास्त इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. म्हणून कक्षेत जाणाऱ्या रॉकेटला टप्पे लागतात, हलक्या टाक्या लागतात, प्रचंड वेगाने फिरणारे पंप लागतात. वर जाऊन खाली यायचं तर एका टप्प्यात भागतं.

उतरतानाही तेच. शंभर किमीवरून पडणारी कुपी दाट हवेत शिरते तेव्हा वेग सेकंदाला एक-सव्वा किमी असतो, आवाजाच्या तिप्पट-चौपट. कक्षेतून येणारी कुपी ७.८ ने येते. तापण्याचा दर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे फरक शेकडो पटींचा. या मंडळींनी उष्णतारोधक म्हणून बुचाच्या लाकडाचा विचार केला तो यामुळेच. कक्षेतून उतरणाऱ्याला असा स्वस्त विचार परवडणार नाही.

थोडक्यात, साध्या तंत्रज्ञानाने अंतराळात जाता येतं ते याच अरुंद फटीतून. वरची सीमा ओलांडायची, तीन-चार मिनिटं तरंगायचं, खाली यायचं.

शिवाजी_उद्यमनगर

लै भारी धागा भावा. आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे कोल्हापुरात, दूध डेअरीच्या स्टेनलेसच्या टाक्या करतो. फोटो बघितले मी त्यांचे नेटवर. टिग वेल्डिंग बघूनच कळतंय की पोरं हाताची आहेत. पण रॉकेट म्हणलं की लोकांना वाटतं काहीतरी जादूचा धातू असतोय. टाकी ती टाकीच. रोल केलेला पत्रा, दोन डिश-एंड म्हणजे दोन्ही टोकांची फुगीर झाकणं, शिवणीला एक्स-रे, मग पाणी भरून हायड्रो टेस्ट. पाणीच का, तर फुटलं तर नुसतं भिजायला होतंय. हवा भरून फुटली तर माणूस जातोय.

मला एकच कळंना. ऑक्सिजन इतका गार असताना झडप जाम होणार हे डेअरीतला पोरगाबी सांगंल. मग ड्रायर कशाला, चांगली क्रायो झडप घ्यायची की!

दुर्बिणवाला

@शिवाजी_उद्यमनगर, द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. तेवढ्या थंडीत चालणाऱ्या झडपा मिळतात, पण महाग, आणि मोठ्या मापाच्या चटकन उघडणाऱ्या तर फारच महाग. यांनी स्वस्तातली झडप घेतली आणि ती उबदार ठेवायची सोय केली. माझ्या मते कल्पना चूक नव्हती. अमेरिकेच्या अवकाश केंद्रावरही झडपांना हीटर लावतात, फक्त त्याला हेअर ड्रायर म्हणत नाहीत. चूक ही की त्या ड्रायरच्या विजेची कुणी स्वतंत्र काळजी घेतली नव्हती. रॉकेट थांबलं ते एका सुट्या भागावर नाही, दोन भागांच्या मधल्या जागेत.

इंधनाचं सांगायचं राहिलं. आता ते ७५ टक्के अल्कोहोल आणि २५ टक्के पाणी वापरतात. पाणी मुद्दाम, भेसळ नाही. शुद्ध अल्कोहोलची ज्वाळा जास्त तापते आणि इंजिनाची भिंत वितळायची भीती असते. ५ मे १९६१ ला अमेरिकेचा पहिला अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड ज्या रेडस्टोन रॉकेटवर बसून १८७ किमी वर गेला, त्यातही हेच मिश्रण होतं, आणि त्याआधी जर्मनांच्या व्ही-२ मध्येही. म्हणजे या लोकांनी नवीन काही शोधलेलं नाही. साठ वर्षांपूर्वी देशांनी केलेलं काम आज बाजारात मिळणाऱ्या मालातून पन्नासेक लोकांना जमतं का, एवढंच ते तपासतायत.

चौपाटी

डेन्मार्क कशाला, आपल्या शिवकर बापूजी तळपदेंनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलंच होतं की. राइट बंधूंच्याही आधी. पण त्याबद्दल कुणी धागा काढणार नाही.

मोजपट्टी

त्यावर याच संस्थळावर किमान डझनभर धागे आहेत आणि सगळे हजारी. समकालीन, तपासता येईल असा पुरावा एकातही आलेला नाही. इथे तो विषय नको.

संपादक मंडळ

सहमत. तळपदेंवरचे पुढचे प्रतिसाद त्या धाग्यांवर हलवले जातील.

डॉ_खोकला

मला भीती वाटली ती पहिल्या कुपीची. हीट-१एक्सचा व्यास सुमारे ६५ सेंमी. प्रवासी त्यात जवळजवळ उभा, डोक्यावर पारदर्शक घुमट, म्हणजे बाहेर बघता यावं. दिसायला रोमँटिक. शरीराच्या दृष्टीने वाईट.

कारण असं. रॉकेट वर जाताना जोर डोक्याकडून पायाकडे लागला तर रक्त पायात साठतं, मेंदूला पुरत नाही. साधा माणूस चार-पाच जी ला (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चार-पाच पट भाराला) आधी नजर आणि मग शुद्ध घालवतो. लढाऊ वैमानिक नऊ जी सोसतात ते दाबाचा सूट, सराव आणि श्वास रोखून पोटऱ्या आवळायची विशेष पद्धत यांच्या जोरावर. तोच माणूस पाठीवर आडवा, गुडघे वर असा असेल तर जोर छातीकडून पाठीकडे लागतो आणि सहनशक्ती कितीतरी वाढते. शेपर्डला उतरताना अकरा जी च्या आसपास भार आला होता आणि तो शुद्धीत बोलत होता. म्हणून जगातल्या सगळ्या कुप्यांमध्ये माणूस पाठीवर झोपवतात. या मंडळींनीही नंतर कुपीचा आकार रुंद केला तो बरा केला.

दुसरं, हवेचा दाब. साधारण १९ किमीच्या वर दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानाला पाणी उकळतं. कुपीला बारीक भोक पडलं आणि अंगात दाबाचा सूट नसला तर शुद्ध राहायला दहा-पंधरा सेकंद मिळतात. वर कुणी म्हणालं की टाकी ती टाकीच. इंधनाच्या टाकीला ते ठीक. पण कुपी ही माणूस आत असलेली टाकी आहे, आणि तिची गळती तपासायला तुमच्याकडे दुसरा माणूस नसतो.

आपल्याकडे बंगळुरूच्या हवाईदलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून असा भार देणाऱ्या यंत्रात फिरवतात. गगनयानच्या उमेदवारांच्या तपासण्याही तिथेच झाल्या. हौशी लोकांकडे हे कुठून येणार?

आरमार

व्यापारी जहाजांवर आयुष्य गेलं, बाल्टिकमध्येही बऱ्याच खेपा झाल्या. बॉर्नहोमच्या पूर्वेला नकाशावर गोळीबार सरावाचा पट्टा आखलेला आहे, जहाजांना इशारे येतात तिथून. ही मंडळी तोच पट्टा वापरतात. म्हणजे सैन्याचा सराव नसेल तेव्हा, लाटा कमी असतील तेव्हा, ढग नसतील तेव्हा, आणि स्वयंसेवकांना सुट्टी असेल तेव्हा. या चारही गोष्टी जुळायला उन्हाळ्यात मोजके दिवस मिळत असणार.

समुद्र का, हे विचाराल तर जमिनीवर डेन्मार्कमध्ये जागाच नाही. देश सपाट आणि दाट वस्तीचा. समुद्रात पडलं तर मासे मरतील, माणूस नाही. पण समुद्राची किंमत मोजावी लागते. मीठ, ओल, सतत हलणारा फलाट. हलत्या फलाटावरून न कलता रॉकेट सोडणं हे मला त्यांच्या सगळ्या कामात अवघड वाटतं. पहिल्यांदा तर फलाट ढकलायला म्हणे त्यांनी स्वतः बांधलेली पाणबुडी वापरली!

सायकलवाली_कोपनहेगन

मी इथेच राहते, त्यामुळे लिहिलंच पाहिजे. त्यांची शेड रेफ्सहालेओन नावाच्या भागात आहे. पूर्वी तिथे बुरमाइस्टर अँड वेन ही मोठी जहाजबांधणी कंपनी होती, ती १९९६ मध्ये बंद पडली. अवाढव्य गोदामं रिकामी राहिली, मग तिथे कलाकार, सुतार, बोटी दुरुस्त करणारे आणि आता खाण्याचे स्टॉल असा सगळा संसार जमला. रॉकेट बांधायला क्रेन, उंच छत आणि धक्का लागतो, तो तिथे आयता मिळाला. माझ्या मते हे रॉकेट त्या जागेमुळेच शक्य झालं. दुसऱ्या शहरात एवढं छप्पर या पैशात मिळालं नसतं.

मी एकदा बघायला गेले होते. आत गेल्यावर पहिल्यांदा नाकात शिरतो तो वेल्डिंगचा आणि कॉफीचा वास. कोण निवृत्त, कोण सॉफ्टवेअरवाला, कोण मेकॅनिक. एका टेबलावर पॅराशूटचं कापड पसरलेलं आणि शेजारी शिलाई मशीन. पॅराशूट ते स्वतः शिवतात. मला सगळ्यात जास्त आवडली ती त्यांची फळ्यावरची यादी, काय काय बिघडू शकतं याची. फार लांब होती.

आता आरमार यांनी पाणबुडीचा उल्लेख केलाय म्हणून. ती पाणबुडी नॉटिलस, पेटर मॅडसनची. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने तिच्यावर मुलाखत घ्यायला आलेल्या किम वॉल या स्वीडिश पत्रकार स्त्रीचा खून केला. एप्रिल २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. खून केला तेव्हा त्याला संस्थेतून बाहेर पडून तीन वर्षं झाली होती, पण बाहेरच्या जगाला हा फरक कळत नव्हता. इथे लोक अजूनही रॉकेटचं नाव काढलं की आधी तेच विचारतात. किम वॉल तीस वर्षांची होती आणि उत्तम वार्ताहर होती. या संस्थेबद्दल लिहिताना मॅडसनला 'वेडा प्रतिभावंत' वगैरे म्हणायची जी सवय आहे ती मला सहन होत नाही. धाग्यात तसं कुणी म्हटलेलं नाही, त्याबद्दल आभार.

दुर्बिणवाला

@सायकलवाली_कोपनहेगन, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

@डॉ_खोकला, सेंट्रिफ्यूजचा मुद्दा रास्त. म्हणूनच २०१४ नंतरचा बदल मला महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला माणूस केंद्रस्थानी होता: घुमट, खिडकी, डोळ्यांना दिसणारं आकाश. नंतर केंद्रस्थानी आलं इंजिन, दाब, झडप, पॅराशूट. कुणाला पाठवायचं हा प्रश्न त्यांनी मागे टाकला.

पुणेरी_पाटी

मागे टाकला म्हणजे फळ्यावरून पुसला? वर्गणीदार माणूस जाणार म्हणून पैसे देतात. त्यांना झडपा बघायच्या नाहीयेत.

आणि दुसरी बाजूही बघा. २२ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियात बार्स्टोजवळ माइक ह्यूज नावाचा माणूस घरी बांधलेल्या वाफेच्या रॉकेटमध्ये बसला. रॉकेट सुटताना पॅराशूट लगेच निघून गेलं. रॉकेट वर गेलं, माणूस त्यात, आणि ते सरळ जमिनीत. कॅमेऱ्यासमोर. हौशी समानव उड्डाण म्हणजे हेच असतं, उरलेलं सगळं जाहिरात.

मोजपट्टी

ह्यूज आणि ही मंडळी एका मापाने मोजू नका. ह्यूज स्वतः बसला, आणि मागे एकही निर्मनुष्य उड्डाणांची मालिका नव्हती. डेन्मार्कवाल्यांचं उलट आहे. तुमचाच आक्षेप, की कुणी गेलं नाही, हाच त्यांचा बचाव आहे.

आणि व्यावसायिकांचंही सांगतो. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकचं स्पेसशिपटू मोहावी वाळवंटावर हवेतच मोडलं. पुन्हा वातावरणात शिरताना शेपूट वर उचलायची असते, तोवर ती एका कुलपाने अडकवलेली होती. सहवैमानिकाने ते वेळेआधी उघडलं, हवेच्या जोराने शेपूट स्वतःहून फिरली. एक वैमानिक गेला, एक वाचला. तिथे पैसा होता, कसलेले वैमानिक होते, आधीच्या स्पेसशिपवनचा अनुभव होता. २००४ साली त्याच स्पेसशिपवनने एक कोटी डॉलरचं पारितोषिक जिंकलं होतं. तरीही एका कुलपाने घात केला, कारण ते लवकर उघडण्यापासून अडवणारं काहीच नव्हतं.

माणूस न बसवता फक्त शंभर किमी गाठणं आता हौशी लोकांच्या आवाक्यात आलंय. मे २००४ मध्ये नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटातून हौशी गटाचं गोफास्ट ११६ किमी गेलं. २०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सीमा ओलांडली, २०२४ मध्ये त्यांचंच दुसरं रॉकेट १४३ किमीवर गेलं. ही सगळी घन इंधनाची, लांब सडपातळ रॉकेटं, सुटताना प्रचंड धक्का देणारी. त्यात माणूस बसवला तर त्याचा चुरा होईल. म्हणून माणसासाठी द्रव इंधन, हळू सुटणं, आणि म्हणून एवढी वर्षं.

ठाणे_लोकल

आता मुख्य प्रश्न. माझी मुलगी आठवीत आहे, हा धागा तिला वाचून दाखवला. ती म्हणतेय, बाबा आपणपण करूया. काय करू?

संपादक मंडळ

एक सूचना: इंधन कसं बनवायचं, कशात काय मिसळायचं याचे प्रतिसाद काढले जातील. दोन काढले आहेत.

मोजपट्टी

@ठाणे_लोकल, भारतात रॉकेटचं घन इंधन बनवणं स्फोटकांच्या कायद्यात येतं. कायदा १८८४ चा, त्याखालचे नियम २००८ चे, आणि परवाने देणारी पेसो ही केंद्रीय संस्था, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. गच्चीवर साखर तापवायचे व्हिडिओ बघून मुलं भाजलेली आहेत, ते नकोच. शिवाय रॉकेटला दिशा सांभाळणारी यंत्रणा बसवली की ते क्षेपणास्त्राच्या जवळ जातं, आणि सरकारांना तिथे चिंता वाटते ती रास्त आहे.

पण वाटा आहेत. पाण्याचं रॉकेट, म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली, सायकलचा पंप, रबरी बूच. त्यात न्यूटनचा तिसरा नियम, दाब, पंख, उंची मोजणं सगळं येतं. पुढची पायरी, २०२० मध्ये स्थापन झालेली इन-स्पेस संस्था विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटच्या स्पर्धा घेते. कॅनसॅट म्हणजे डब्याएवढा उपग्रह, पॅराशूटने उतरणारा. तुमच्या मुलीने आधी तो उतरवून दाखवावा. वर जाणं सोपं असतं.

आरमार

सायकलवरून आठवलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट सुटलं, नायके-अपाची, अमेरिकेने दिलेलं. कार्यालय चर्चमध्ये आणि सुटे भाग सायकलवरून. नंतर १९८१ मध्ये अ‍ॅपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो तर सगळ्यांनी पाहिलाय. त्याचं कारण गरिबीच नव्हतं म्हणे, अँटेनाच्या चाचणीसाठी आसपास धातू नको होता म्हणून लाकडी गाडी.

दुर्बिणवाला

रोजच्या वापरातल्या वस्तूंवरून एक गंमत सांगतो. आज कुठल्याही मोबाइलमध्ये जायरोस्कोप आणि प्रवेगमापक असतात, जे शेपर्डच्या काळात टोपलीएवढे असायचे आणि भयंकर महाग. त्यामुळे वाटतं की जीपीएसची चिपही सरळ रॉकेटमध्ये टाकावी. पण बाजारातले बरेच जीपीएस १८ किमी उंची आणि १००० नॉट वेगाच्या पुढे मुद्दाम बंद पडतात, कुणी त्यातून क्षेपणास्त्र करू नये म्हणून. काही उत्पादक दोन्ही मर्यादा एकदम ओलांडल्या तरच बंद करतात, काही एकच ओलांडली तरी. म्हणजे रॉकेट सगळ्यात जोरात असतं नेमकं तेव्हा तुमची चिप गप्प. हौशी लोक आधी डेटाशीट नाही, त्यातली ही ओळ वाचतात.

शिवाजी_उद्यमनगर

परत आलो. काल रात्री मित्राशी वाद झाला यावर. तो म्हणतोय रॉकेटला पंप लागतोय, पंपाशिवाय इंधन इंजिनात जाणार कसं. मी म्हणालो यांच्या फोटोत पंप दिसत नाही. कोण बरोबर?

दुर्बिणवाला

यांच्यापुरतं तुम्ही बरोबर. इंजिनाच्या आत दाब असतो, इंधन तिथे ढकलायचं तर मागे त्याहून जास्त दाब हवा. मोठी रॉकेटं टर्बोपंप वापरतात, म्हणजे टाकी पातळ आणि पंप जबरदस्त. तो पंप बनवणं हौशी माणसाला सगळ्यात अवघड. यांनी तो सोडला आणि टाकीतच दाब ठेवला.

नेक्सो-१ मध्ये टाकीत सुरुवातीला भरलेला वायूच इंधन ढकलत होता. टाकी रिकामी होत जाईल तसा तो फुगतो, दाब पडतो, इंजिन मंदावतं. नेक्सो-२ मध्ये वेगळ्या बाटलीत हेलियम ठेवला आणि संगणकाने झडपा उघड-बंद करून टाकीतला दाब शेवटपर्यंत सारखा राखला. साडेसहा किलोमीटरपर्यंत पोचण्यात या बदलाचा मोठा वाटा होता. स्पिकातही पंप नाही.

शिवाजी_उद्यमनगर

मग गोची इथं आहे बघा. दाब टाकीत ठेवला की पत्रा जाड लागणार. आणि टाकीचा व्यास दुप्पट केला की त्याच दाबाला जाडीही दुप्पट. आमच्यात गिऱ्हाईक हेच विसरतंय, म्हणतंय टाकी तेवढी मोठी करा, पत्रा तोच राहू दे. नेक्सोवरनं स्पिकावर जाताना टाकी किती रुंद होतीय?

मोजपट्टी

बरीच, कारण वर माणूस बसायचा आहे आणि कुपी त्याच रुंदीची. जाडी वाढली की वजन, वजन वाढलं की इंधन, इंधन वाढलं की टाकी. म्हणून चार टन.

शिवाजी_उद्यमनगर

म्हणजे पंप वाचवला आणि पैसे पत्र्यात घातले. बरोबर केलं, पत्रा दुरुस्त करता येतोय. पण मग शिवणीचं वेल्डिंग आतून गॅस सोडून करतात का नुसतं बाहेरनं? आतनं ऑक्सिडेशन झालं तर त्याचे बारीक कण ऑक्सिजनच्या झडपेत जाणार. @सायकलवाली_कोपनहेगन, ताई, परत कधी त्या शेडकडं गेलात तर तेवढं विचारून घ्या.

सायकलवाली_कोपनहेगन

नक्की. प्रश्न डॅनिशमध्ये कसा विचारायचा ते आधी शिकते, 'बॅक पर्जिंग'ला इथे काय म्हणतात देव जाणे.